चोरखाचर

त्या वर्षी जुलै सरत आला तरी हारुएच्या अंगातला लोकरी बनियन उतरला नव्हता. समुद्राकडून, डोंगर ओलांडून यामासे वाहत होता. हा वारा दिसायला गरीब. झाड पाडत नाही, कौल उडवत नाही, नुसता गार ओलावा घेऊन येतो आणि एकदा आला की नकोशा पाहुण्यासारखा हलायचं नाव घेत नाही. भाताचा मात्र त्याच्याएवढा वैरी दुसरा नाही. दुपार झाली तरी पानांवरचं पाणी वाळत नव्हतं. हारुए खाचरात उतरून एकेक चूड, रोपांचा झुबका, हाताने फाकवून बघत होती. डाव्या गमबुटाला भोक होतं, आत पाणी शिरून बोटं बधिर झाली होती. घरात दुसरे बूट होते, पण ते कात्सुमीचे, तिच्या मेलेल्या नवऱ्याचे. ते घातले की चालताना फटफट वाजत, आणि सासूबाई आतून वर बघत. म्हणून ती ते घालत नसे.

कामासावा वाडीचं भात कुणी खात नाही, ते बियाण्याला जातं. वाडीत पाच घरं, पाच घरांचा मिळून एक गट, आणि गटाचा मुखिया जुन्या वळणाचा कुमागाई. सेंदाई शहरात बांधकामावर परांची कोसळून कात्सुमी गेला, तेव्हा गटातली त्याची जागा बाईला द्यायची की नाही यावर पुरुषमंडळींची बरीच खलबतं झाली. शेवटी कुमागाई म्हणाला होता, एक हंगाम बघू. तपासणीला हिचं शेत पास झालं तर नाव कायम, नाही तर जमीन माझ्या पुतण्याला कसायला द्यावी. हे तो हारुएच्या समोरच, लोणच्याची फोड चावता चावता म्हणाला होता. तो हंगाम म्हणजे हा, आणि नेमका हाच असा गारठलेला निघाला.

“वैनी, जरा इकडं या,” बांधावरून झेंजीने हाक मारली.

झेंजीचं खाचर हिच्या खाचराला लागून, डोंगरातली घळ जिथं उघडते तिथं. पन्नाशी उलटलेला एकटा माणूस. लग्न झालं नाही, आई गेली, आता घरात तो आणि रेडिओ. बांधावरचं गवत वेळेवर कापत नाही म्हणून वाडी त्याला नावं ठेवी. त्याने एक पान तोडून तिच्यापुढे धरलं. “तुमची नजर चांगली हाय. ह्ये काय हाय सांगा.”

पानावर डोळ्याच्या आकाराचा ठिपका होता. दोन्ही टोकं निमुळती, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी काठ. हारुएला नजर लावायची गरजच पडली नाही. तो करपा होता. आता पानावर आहे तोवर फवारून आटोक्यात येईल, पण लोंब्या बाहेर पडल्यावर हाच करपा त्यांच्या मानेला धरला की दाणा भरत नाही, लोंबी उभ्याउभ्या पांढरी पडते. आणि बियाण्याच्या शेतात असली एक लोंबी दिसली तरी तपासनीस सगळा पट्टा नापास करतो.

ती म्हणाली, आधी फवारून बघा, दोन दिवस कुणाला बोलू नका. झेंजी हसला. “लपवून कधी काय पिकतं का वैनी?” असं म्हणून तो ते पान टोपीत ठेवून तसाच कुमागाईच्या घराकडे चालू लागला.

तो वळणाआड गेल्यावर हारुए आपल्या खाचराच्या घळीकडच्या कडेला गेली. तिथं खाली वाकून बघितलं तर तिच्याही भाताला ठिपके होते. थोडेच, हाताच्या बोटांवर मोजावे एवढे. तिने इकडेतिकडे बघितलं, ती पानं खुडली आणि हातमोज्यात कोंबली. घरी जाऊन ती चुलीत टाकली. आपण चोरी केली असं तिला वाटलं, आणि तरीही बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी कृषी केंद्रातून तपासनीस होशीबाई आली. तिशीची, चष्म्याची, शब्द तोलून बोलणारी. तिने झेंजीच्या शेतातली पानं कागदी पाकिटांत घेतली, मग बाकी चौघांच्या शेतांतून फिरली. हारुएच्या खाचराच्या घळीकडच्या कडेला ती वाकली. खुडलेल्या पानांचे उरलेले बुडखे होशीबाईने बोटाने चाचपले आणि ती पुढे निघाली.

नंतर कुमागाईच्या ओसरीवर चहा झाला. होशीबाईने सांगितलं ते सगळ्यांनी मान खाली घालून ऐकलं. या बुरशीचं बी म्हणजे डोळ्याला न दिसणारा कण. वाऱ्याबरोबर येतो, ओल्या पानावर पडतो, स्वतःच्याच डिंकाने चिकटतो. मग तिथं एक काळा फुगा तयार करतो. त्या फुग्यात इतका दाब साठतो की मोटारीच्या टायरातला दाब त्यापुढे काहीच नाही, आणि त्या दाबाने तो एक सुई पानाच्या कातडीतून आत घुसवतो. आपण फवारतो ते औषध त्याला मारत नाही, फक्त त्या फुग्याची भिंत कच्ची ठेवतं. भिंत कच्ची, म्हणजे दाब नाही, म्हणजे सुई बोथट.

“पण हे सगळं बी कुठून तरी येतं,” होशीबाई म्हणाली. “ते मूळ सापडलं आणि लोंब्या पडायच्या आत नष्ट केलं, तर बाकीचं फवारणीवर वाचेल. नाही सापडलं तर मी पट्टा पास करू शकणार नाही.”

मूळ कसं शोधणार, कुमागाईने विचारलं. ती म्हणाली, बुरशीच्याही जाती असतात. केंद्रात भाताच्या वेगवेगळ्या वाणांची रोपं लावून ठेवलीत, त्यांच्यावर ही बुरशी सोडते. कोणत्या वाणावर उठते आणि कोणत्यावर नाही यावरून तिचं कुळ कळेल. आठवडा तरी लागेल.

त्या आठवड्यात वाडीने मिळून फवारणी केली. एक पंप, एक लांब नळी, आणि नळीचे वळसे खांद्यावर घेऊन बांधाबांधाने सगळ्यांनी चालायचं, अशी रीत. एरवी नळीचं तोंड आळीपाळीने धरायचे. या वेळी झेंजीची पाळी आली तेव्हा कुमागाईच्या पुतण्याने तोंड त्याच्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाला, राहू दे काका, तुमच्या अंगावरनं आमच्या शेतात यायचं. झेंजी मागे जाऊन नळीच्या शेपटाशी उभा राहिला. दुपारी बायकांनी भाताचे गोळे वाटले. झेंजीचा गोळा कुणी हातात दिला नाही, बांधावर ठेवला. तो म्हणाला, “माज्या हातात दिला असता तर गोळ्याला करपा झाला असता व्हय?” दोघेतिघे हसले, पण हसता हसता लांब सरकले. हारुएही हसली. तिच्या खांद्याला नळीने कातडं सोललं होतं, औषधाने डोळे चुरचुरत होते, आणि लाज सगळ्यांत जास्त तिला वाटत होती. तिच्या हातमोज्याच्या शिवणीत अजून एक पान अडकलेलं होतं.

होशीबाई परत आली तेव्हाही झिमझिम चालूच होती. यावेळी सगळे कुमागाईच्या आतल्या खोलीत बसले. म्हाताऱ्या तोयोलाही, म्हणजे हारुएच्या सासूला, कुणीतरी बसायला उशी दिली होती. होशीबाईने सोपं करून सांगायचं ठरवलेलं दिसलं. म्हणाली, समजा भाताच्या प्रत्येक वाणाच्या दारात एक पहारेकरी असतो. एकेक पहारेकरी बुरशीला एकेका खुणेने ओळखतो. कुणी तिच्या टोपीवरून, कुणी चपलेवरून. ओळखलं की दार बंद. मग बुरशी काय करते? टोपी टाकून देते. टोपीचा जो गुण तिच्या अंगी असतो तोच गमावून बसते. आता पहारेकरी समोर उभा असूनही त्याला ती ओळखू येत नाही.

“तुमच्या शेतात सापडलेली बुरशी टोपी टाकलेली आहे,” ती म्हणाली. “पण तुमच्या वाणाकडे टोपी ओळखणारा पहारेकरीच नाही. इथं शिरायला तिला टोपी टाकायची गरज नव्हती. तो पहारेकरी आहे मोचीच्या नव्या वाणात.”

मोची म्हणजे चिकट भात. नव्या वर्षाला शिजवून, उखळात कुटून त्याचे पांढरे गोळे करतात, देवापुढे ठेवतात, पितरांपुढे ठेवतात. एरवी प्रत्येकजण कोपऱ्यात चार वाफे लावतोच. पण बियाण्याच्या गटाने वसंतात देवळात साके, तांदळाची दारू, पिऊन शपथ घेतली होती की या वर्षी पाणलोटात दुसरा कुठलाही भात लावायचा नाही, मोची तर नाहीच.

“म्हणजे ही बुरशी मोचीवर वाढून इथं आली,” होशीबाई म्हणाली. “लांबून नाही. याच वाडीत कुणाकडे तरी मोची आहे.”

कुमागाईने एकेकाला नावाने विचारलं. सगळे नाही म्हणाले. हारुए नाही म्हणाली आणि ते खरं होतं. तोयोकाकूला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. झेंजीचा नंबर शेवटचा लागला. तोही नाही म्हणाला, पण त्याच्यावर नजर आधीच खिळली होती. पहिला ठिपका कुणाच्या शेतात निघाला? बांधावर गवत कुणाच्या वाढलेलं असतं? गवतात चार चुडं मोचीची असली तर कुणाला दिसणार?

झेंजीने चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, “मोची कुटायला दोन माणसं लागतात. एकानं मुसळ मारायचं, दुसऱ्यानं मधेमधे हात घालून गोळा उलटायचा. आई गेल्यापासनं माज्याकडं उलटणारं कोण हाय? मी मोची लावून करू काय?”

त्याचं म्हणणं प्रत्येकाला पटलं होतं. म्हणूनच कुमागाई जास्त चिडला. म्हणाला, गोड बोलून बुरशी जात नाही. होशीबाईंना मूळ पाहिजे. मूळ म्हणजे जिथं आधी निघालं ते. परवा सकाळी गटाने मिळून झेंजीचं खाचर हिरवं कापायचं आणि चिखलात तुडवायचं. पुढच्या साली त्याने खायचं भात लावावं, बियाण्याचं नको. होशीबाई म्हणाली, मला अजून खात्री नाही. कुमागाई म्हणाला, खात्री होईपर्यंत लोंब्या पडतील बाई. परवा या आणि बघा.

घरी आल्यावर हारुएने सासूबाईंचे बूट उचलून फळीवर ठेवले. अंगठा वेगळा असलेले ते कापडी बूट. तळव्याला चिखल होता, ओला. आणि तो चिखल खाचराचा काळा नव्हता, तांबडा होता, गंजासारखा.

तांबडा चिखल कामासावात एकाच ठिकाणी असतो. डोंगरातल्या घळींत, जिथं लोखंडाच्या चवीचे झरे फुटतात. तिने तो चिखल बोटाने चोळून बघितला. लग्न होऊन आली त्या वर्षी सासूबाईंनी एकदा तिला घराच्या मागून, बांबूंच्या आडून वर नेलं होतं. तिथं एक घोंगडीएवढं खाचर होतं. चोरखाचर. जुन्या काळी सरकारचे मोजणीदार दोर घेऊन यायचे तेव्हा प्रत्येक घराने आपापल्या घळीत असा एकेक तुकडा लपवून ठेवला होता. तो कागदावर नसे, त्याच्यावर सारा नसे. तो फक्त घरातल्या सुनेला दाखवायचा. दुसऱ्यांकडे आहे हे सगळ्यांना माहीत, पण त्याचा उच्चार कुणी करायचा नाही. कात्सुमी गेल्यावर तिथं देवदार लावला असं सासूबाई म्हणाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तोयो मागच्या दाराने निघाली, आणि हारुए तिच्या मागोमाग. म्हातारीची कमर काटकोनात वाकलेली, तरी चढ ती न थांबता चढली. वर देवदार नव्हता. चोरखाचरात मोची उभी होती, आणि ती पाहून हारुएला तोंडावर हात धरावा लागला. विस्तव फिरवल्यासारखी पानं करपली होती. चुडं खुरटून मधोमध खचली होती. लावणीनंतर उरलेल्या रोपांच्या जुड्या, नांग्या भरायला, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी लावायला लागतील म्हणून, पाण्याच्या मोरीशी तशाच रचून ठेवल्या होत्या. दाटीने उभ्या, कधी न वाळणाऱ्या. करपा तिथूनच उठला होता हे आंधळ्यालाही कळलं असतं. आणि तिथून वारा घळीतून थेट खाली झेंजीच्या खाचरावर पडत होता.

“जुड्या टाकायच्या व्हत्या आई,” ती म्हणाली. तिला दुसरं काही सुचलं नाही.

“रोप टाकवत न्हाई मला,” तोयो म्हणाली. “उपासमारीत वाढलेली बाई मी. भाताचं रोप फेकणाऱ्याचे डोळे जातात.”

“आन् शपथ?”

“शपथ तुमी घेतली. मला कुणी साके पाजली?” म्हातारी बांधावर टेकली. तिने भावाकडून रोपांची एक ताटली आणवली होती, नवीन जातीची, करपा येत नाही म्हणून सांगून दिलेली. पुढचं बोलताना तिचा आवाज खाली गेला. “कात्सुमीच्या नावाच्या पाटापुढं नव्या वर्षाला ह्याच खाचरातली मोची ठेवायची व्हती. तिकडं शेरात पोरानं सगळं विकतचं खाल्लं. मेल्यावर तरी घरचं खाऊ दे.”

हारुए पुढे झाली. तिने बाह्या वर केल्या, खाचरात उतरली आणि उपटायला लागली. तांबडं पाणी कोपरापर्यंत आलं. थोड्या वेळाने तोयोही उतरली. दोघी उपटत होत्या, आणि म्हातारी प्रत्येक मूठ उपटताना ओठ हलवत होती. मुलाची माफी मागत असावी. ढीग झाला तेव्हा तोयो म्हणाली, “वाळला की जाळू. झालं, मूळ गेलं. आता गप बसायचं. पाच पिढ्या ह्या घळी गप हाईत.”

“आन् झेंजीभावजी?”

“त्यो एकटा जीव. त्याचं काय जायाचं हाय? तुजं शेत जाईल, नाव जाईल. कुमागाईचा पुतण्या टपलेलाच हाय.”

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच हारुएला सासूचा राग आला. तिने ढीग सारखा केला. पण खाली येताना तिने एक चूड, मुळांसकट, तांबड्या चिखलासकट, खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून बरोबर आणलं. कशाला, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

कापणीच्या दिवशी सगळे विळे घेऊन आले. हिरवं भात कापताना आवाज वेगळा येतो, ओला, चरचर असा, आणि दुधासारखा वास सुटतो. पिकलेलं कापताना माणसं गातात, बोलतात. त्या सकाळी कुणी बोललं नाही. पहिली ओळ झेंजीनेच कापली. म्हणाला, माझं हाय, मीच सुरू करतो. पोटरीत आलेलं भात होतं, खोडं फुगलेली. विळा बसला की आत गुंडाळलेली कोवळी लोंबी दिसे. झेंजी कापलेली मूठ खाली टाकण्याआधी दर वेळी तिच्याकडे बघत होता.

हारुए त्याच्या शेजारच्या ओळीत होती. पोतं तिने बांधावर दगडाखाली ठेवलं होतं. आता बोलावं, आता बोलावं म्हणता म्हणता तिची एक ओळ संपली, दुसरी संपली. प्रत्येक चुडाला तिला वाटे, हे कापून झालं की बोलू. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर झेंजी कमरेला हात लावून सरळ झाला आणि हळूच म्हणाला, “वैनी, तुमी नका कापू. तुमच्या बुटात पाणी जातंय. तुमच्या कडंला पानं खुडलेली मी बगितलीत. जाऊ दे. समद्यांनीच खुडली असती.”

त्याने ते पाहिलं होतं, आणि पाहूनही दोन आठवडे बोलला नव्हता. हारुएने विळा चिखलात टाकला. ती बांधावर गेली, पोतं उचललं आणि कुमागाईच्या पायापुढे मोकळं केलं. करपलेलं चूड आडवं पडलं. मुळांतून तांबडा चिखल ओघळला.

“हे आमच्या घळीतलं,” ती म्हणाली. “मोची हाय. मूळ आमच्याकडं हाय, झेंजीभावजींकडं न्हाई. कापायचं तर माजं कापा.”

ती मोठ्याने बोलली नव्हती, तरी ते सगळ्यांनी ऐकलं. विळे थांबले. कुमागाईने चूड पाहिलं, त्या तांबड्या चिखलाकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पडला. तिला वाटलं होतं तो संतापेल. तो संतापला नाही. तो वाकला आणि घाईघाईने ते चूड परत पोत्यात कोंबायला लागला.

“वैनी, हे उचल. जिथं व्हतं तिथं ने. तुजं नाव कायम, मी शब्द देतो. ती बाई येतीया, ती घळीतली माती ओळखती. मग ती समद्या घळी फिरंल.”

हारुएने त्याच्याकडे बघितलं. मग बाकीच्यांकडे. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. सगळे आपापल्या घळीकडे बघत होते. तेव्हा तिला कळलं, आणि ती बांधावर बसली. देवळातली साके सगळ्यांनी प्यायली होती, आणि सगळ्यांच्या घरी पितर होते.

खाली रस्त्यावर केंद्राची पांढरी गाडी वळली. “वैनी,” कुमागाई म्हणाला, या वेळी विनवल्यासारखं. हारुए जागची हलली नाही. उखळात डोकं घातलं होतं, आता मुसळाला भिऊन काय उपयोग. होशीबाई उतरून आली, चूड हातात घेतलं, पानं भिंगाखाली धरली, मुळांचा चिखल बोटाने चोळला. हारुएने सांगायचं ते सगळं सांगितलं, खुडलेल्या पानांसकट. होशीबाईने मान हलवली. म्हणाली, तुमचं शेत या वर्षी बियाण्याला घेता येणार नाही, वाईट वाटतं. झेंजींचं कापायची गरज नव्हती, फवारणीवर वाचलं असतं. मग डोंगराकडे बघत म्हणाली, “अशा घळी अजून आहेत ना? जेवण झालं की मला सगळ्या दाखवा.”

ती गाडीत बसून डबा खात होती तेवढ्या वेळात खाचरातली माणसं एकेक करून नाहीशी झाली. कुणाला लघवीला जायचं होतं, कुणाचा विळा बोथट झाला होता. कुमागाई मुखिया, त्याला जाता येईना. त्याने पुतण्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि पुतण्या पळत सुटला. खाचरात झेंजी राहिला, निम्म्याहून जास्त कापलेल्या आपल्या भातात. हारुए उठली आणि त्याच्यापुढे वाकली, कपाळ गुडघ्याला लागेल इतकी. तो म्हणाला, राहू दे वैनी, भात काय उठून उभं राहणार हाय? पण त्याचे डोळे भरले होते, आणि ते त्याने लपवले नाहीत.

थोड्या वेळाने कुमागाईच्या घळीतून धूर निघाला. मग पलीकडच्या. मग त्याच्या पलीकडच्या. ओलं जाळलेलं, म्हणून धूर पांढरा, जाड, जमिनीलगत लोळत खाली येणारा. यामासेने तो ढकलत ढकलत थेट त्यांच्यापर्यंत आणला. हारुएची सोडली तर कामासावाच्या एकूण एक घळी धुपत होत्या, फक्त झेंजीच्या घळीवरचे देवदार स्वच्छ दिसत होते.

होशीबाई गाडीतून उतरली आणि बघत राहिली. मग जवळ जो होता त्याला, म्हणजे झेंजीला, तिने विचारलं, ते काय जाळतायत?

कुमागाई रस्त्यावर उभा होता. त्याने झेंजीकडे बघितलं. दोघे एकाच शाळेत, एका बाकावर बसलेले. कुमागाईच्या तोंडावर तेव्हा जी भीती होती ती हारुएने त्याच्या तोंडावर कधी बघितली नव्हती. एका शब्दात गट गेला असता, मुखियापण गेलं असतं, उरलेल्या घरांचं बियाणं गेलं असतं.

झेंजीने विळ्याचं पातं बाहीला पुसलं. चांगला वेळ घेतला त्याने.

“डास, बाई,” तो म्हणाला. “यंदा डास लई झालेत.”

होशीबाईने त्याच्याकडे पाहिलं, धुराकडे पाहिलं, आणि काही लिहून घेतलं नाही. ती हारुएच्या घळीकडे निघाली. ती लांब गेल्यावर झेंजी बांधावर चढला, कुमागाईच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला, आणि शांतपणे म्हणाला, “नव्या वर्षाला मोची कुटायला मी तुज्याकडं येणार हाय. तांदूळ विकतचा आण. मुसळ मी मारीन. हात घालायला तू बस.”